पाणकोबीची आंघोळ

आबांच्या घरात शिरायचं म्हणजे आधी झाडांची परवानगी घ्यावी लागे. रस्त्यावरून दोन पायऱ्या चढलं की काचेची लांबट गॅलरी, आणि गॅलरीत दोन्ही अंगांना लोखंडी घोड्यांवर मांडलेले पसरट काळे टब. मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. कुणी अंगानं भरलेलं माणूस आलं की आबा आतून ओरडत, "पोट आत घ्या हो, पानं बाहेर आलीत!" मग ते बिचारं श्वास कोंडून, तिरकं होऊन बैठकीच्या खोलीपर्यंत पोचे आणि तिथं गेल्यावरच पोट सोडी.

टबांत मासे नव्हते. होती ती पाण्यावर तरंगणारी झाडं. मातीशी त्यांचा काही संबंध नाही. मुळं पाण्यात मोकळी सोडलेली आणि वर पानांचा गेंद. मोठ्या टबांत पाणकोबी. फिकट हिरवी, हात लावला तर मखमल, आणि खाली आजीबाईच्या केसांसारखी लांब मुळं. लहान टबांत नखाएवढ्या पानांची एक जात होती. त्या पानांवर अशी काही उभी लव, की आबांना सशाचे कान आठवले. तेव्हापासून ती झाली ससुली. मासे विकणारे दुकानदार आबांकडून ही झाडं नेत, काचेच्या पेट्यांत सोडत. पेटीतल्या पिल्लांना मुळांत लपायला जागा होई, पाणी निवळ राही, आणि गिऱ्हाईक म्हणे, वा.

आबांची सून लग्न होऊन आली, तेव्हा तिला वाटलं होतं, पाण्यावरचं झाड म्हणजे सगळ्यात सोपं. पाणी घालायचीसुद्धा कटकट नाही. पण आबांचा दिवस त्यांच्यातच जाई. नळाचं पाणी पिंपात भरून त्यातला औषधाचा वास उडेपर्यंत थांबायचं, मगच टबात सोडायचं, तेही कडेनं, पानांवर शिंतोडा उडू न देता. पिवळं पान दिसलं की खुडायचं. झाडं फार दाटली की विरळ करायची, नाहीतर खालचं पाणी अंधारात कोंडतं. काढलेली झाडं नाल्यात टाकली तर तिथं माजतील, म्हणून पत्र्यावर वाळवायची, कुरकुरीत होईपर्यंत. पाण्यावर तेलकट साय धरली, तर वर्तमानपत्राचा कागद अलगद पसरायचा आणि दुधावरची साय उचलावी तसा उचलायचा. आणि हात कोरे पाहिजेत. "तेल नको, क्रीम नको, पावडर नको," आबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "झाडांना आपला मेकअप सोसत नाही."

तेव्हा ती खळखळून हसली होती. त्या घराचं तिला काही वावडं नव्हतं. उलट संध्याकाळी आबा टबांवरचे दिवे लावत, तेव्हा सगळ्या भिंतींवर पाण्याची हलकी जाळी हलायची, आणि पोटातलं बाळ हलायचं, आणि तिला वाटायचं, हे दोघं एकमेकांशी काहीतरी बोलतायत.

मग बाळ झालं. मुलगी. दोन्ही भुवया एकत्र आणून ती सगळ्यांकडे असं बघायची, की जणू कामावर उशिरा आलात. आबांनी तिचं नाव मुकादम ठेवलं. खरं नाव कागदावर राहिलं, घरात मुकादमच. रोज सकाळी आबा तिला डाव्या हातावर घेत आणि टबांवरून फेरी मारत. "बघा मुकादमसाहेब, सगळे कामगार हजर आहेत." मग बोटाच्या टोकावर पाण्याचा थेंब घेऊन ते पाणकोबीच्या पानावर सोडत. थेंब पानाला भिजवत नसे. गोल मोती होऊन घरंगळत जाई आणि टपकन पाण्यात पडे. मुकादमच्या भुवया सुटत, आणि ती हसे. दात नसलेलं, सगळं तोंडभर हसू. तेवढ्यासाठी आबा पुन्हा थेंब घेत.

बाळ बघायला माणसं यायला लागली, आणि तिथंच घोटाळा झाला.

पहिल्यांदा ताई आली. सुनेची थोरली बहीण. ताईचं लग्न मोठ्या घरात झालं होतं. तिथल्या फरशीत तोंड दिसायचं, आणि चपला कुठं काढायच्या हे ठरलेलं होतं. ताई गॅलरीतून तिरकी होत आली, कोपराला ओलं लागलं म्हणून रुमालानं पुसलं, आणि बाळाला मांडीवर घेता घेता हसत म्हणाली, "अगं, बाळ आणि डबकं एकाच घरात वाढवतेयस की काय?"

गंमतच होती ती. ताईच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी सुनेला पहिल्यांदा घराचा वास आला. ओला, हिरवा, थोडा कुबट. इतके दिवस तो कुठं होता कोण जाणे. आता मात्र सकाळी डोळा उघडला की आधी तोच. बाळाच्या दुपट्याला तोच, स्वतःच्या केसांना तोच. दुकानात कुणी जवळ उभं राहिलं, की ती नकळत अर्धं पाऊल मागे सरे.

तशातच आबांच्या धाकट्या भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, आणि आबा सोबतीला दुसऱ्या गावी गेले. जाताना पिशवी खांद्याला लावून त्यांनी तिला बजावलं, "काही करायचं नाही. फक्त बघायचं. न करणं जमलं ना, की निम्मं काम आलं म्हणून समज."

ते गेले आणि ताईचा फोन आला. "उद्या येतेय गं. सासूबाईपण येतायत, त्यांना बाळ बघायचंय." मग आवाज थोडा खाली आणून, "जरा ती गॅलरी तेवढी... कळलं ना? त्यांना वासाचं फार आहे."

कळलं. कळायला काय उशीर.

बाळाला झोपवून ती गॅलरीत गेली. आबांनी जायच्या गडबडीत कागद फिरवला नव्हता. पाण्यावर तेलकट तवंग होता, उन्हात जांभळा-हिरवा चमकत होता. तिनं वर्तमानपत्र पसरलं, पण ते तिच्या हातात फाटलं आणि त्याचे लगदे झाले. पानांवर रस्त्याची धूळ बसली होती. ती बघत राहिली आणि तिला वाटलं, ही काय झाडं, ही तर नाक वाहणारी पोरं. पाहुण्यांसमोर अशी कशी उभी करायची?

मग तिनं जे केलं ते अगदी मायेनं केलं, हेच त्यातलं वाईट. बाळाच्या आंघोळीच्या टोपात कोमट पाणी घेतलं. त्यात बाळाचा साबण खळबळवला. तो डोळ्यांत गेला तरी झोंबत नाही असा, मंद वासाचा. एकेक पाणकोबी तळहातावर घेऊन कापसाच्या बोळ्यानं पान न् पान पुसलं, मागून-पुढून. मुळांत काळं-तपकिरी काही अडकलं होतं. ते बाळाच्या कंगव्यानं विंचरून काढलं. नळाखाली धरलं, निथळवलं. ससुली चाळणीत घालून तशीच धुतली. टबांतलं पाणी उपसून ताजं भरलं, नळाचंच, पिंपात थांबलेलं पाणी तेवढं नव्हतं म्हणून. आणि सगळी पुन्हा पाण्यावर मांडली, अंतर ठेवून, जणू कुणी गालिचा अंथरला.

दुसऱ्या दिवशी ताईच्या सासूबाई गॅलरीत थबकल्या. "अय्या, काय सुंदर! अगदी हॉटेलच्या लॉबीसारखं वाटतंय." ताईनं मागून तिला डोळ्यानं शाबासकी दिली. चहा झाला, बिस्किटं झाली, बाळाच्या भुवयांवर सगळ्या हसल्या. ती त्या दिवशी घरात ताठ चालली.

आबा आले ते थेट टबांपाशी, चपला काढायच्या आधी. "पाणी बदललंस?"

"थोडं," ती म्हणाली. "फार खराब दिसत होतं."

"बरं केलंस," आबा म्हणाले. "म्हणजे करायला नको होतं, पण बरं केलंस." आणि हसले. वासानं त्यांना काही कळायचा प्रश्न नव्हता. बाळ झाल्यापासून सगळ्या घरालाच तो साबणाचा वास होता.

तिथं एका वाक्यात सगळं आटपलं असतं. पण तिनं ते वाक्य तोंडात धरलं, आणि बाळ रडलं म्हणून आत गेली.

लगेच दुसरी सकाळ. ती गॅलरीच्या दारात केस विंचरत उभी होती. आबा मुकादमला घेऊन फेरीला निघाले होते. त्यांनी थेंब घेतला, पानावर सोडला.

थेंब घरंगळला नाही. पानावर पडला आणि फुटलेल्या अंड्यासारखा पसरला. पान तेवढ्या जागी गडद, ओलं झालं.

आबांनी दुसरा थेंब सोडला. तिसरा दुसऱ्या झाडावर. मुकादम भुवया जुळवून बघत होती. आबांनी पान बोटांत धरून उजेडाकडे वळवलं. मग ते आपल्याच बोटांकडे बघायला लागले. बोटं नाकाशी नेली आणि वास घेतला.

आबांच्या बोटांचे सांधे दुखत. डॉक्टरांनी चोळायला एक मलम दिलं होतं. रात्री लावून सकाळी ते हात स्वच्छ धूत, नखांतसुद्धा काडी घालत.

"माझंच काम हे," आबा हळूच म्हणाले. "मलमाचा हात गेला पाण्यात."

आणि तिला, दारात उभ्या असलेल्या तिला, हायसं वाटलं.

ते एका क्षणाचंच होतं, पण वाटलं. छातीवरचं ओझं उतरलं, खांदे खाली आले, कंगवा पुन्हा केसांतून फिरला. पुढं जे काही तिला आतून खात राहिलं, ते साबणापेक्षा हे होतं.

झाडं एकदम मेली नाहीत. आधी पानांवर पाणी साचून राहायला लागलं. मग ती जड झाली, कडेनं काचेसारखी पारदर्शक होऊन मऊ पडली. ससुली तर भिजलेल्या कागदाच्या कपट्यांसारखी पाण्याखाली गेली. आबा सकाळ-संध्याकाळ जाळीनं काढत, पत्र्यावर टाकत. पण आता ते हात पाण्यात घालत नव्हते. लांब दांड्याची जाळी, लाकडी चिमटा, काय मिळेल ते वापरत.

आणि मुकादमला घेत नव्हते.

पहिल्या दिवशी तिच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं रोजच्यासारखं बाळ पुढं केलं, तर आबा मागं सरले. दोन्ही हात पाठीमागं नेले. "नको, नको. ती बोटं तोंडात घालते. या हातांनी झाडं गेली, एवढाल्या मुळांची. ती तर केवढीशी."

"आबा, असं काय करता? हात धुतले की झालं."

"धुवूनच घालत होतो की पाण्यात."

यावर तिला बोलता आलं असतं. हीच तर जागा होती. ती म्हणाली, "बरं, चहा टाकते."

आबांनी मलम लावायचं सोडलं. बोटं सुजली, शर्टाची बटणं लावता येईनात. तरी दिवसातून कितीदा तरी मोरीत उभं राहून ते हात घासत. पेरांवरची कातडी सोलून लाल झाली. मुकादम पाळण्यातून त्यांना बघून हात-पाय झाडे, आणि आबा दारात उभे राहून लांबूनच म्हणत, "काय साहेब? सगळं ठीक?" मग साहेबांचा ओठ खाली वळे. आबा तिथून निघून जात.

तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा छापखान्यात पाळीनं जाई. घरी असला की अर्धा झोपेत असे. तो उठून बसला, ऐकलं, आणि फस्सकन हसला. "बाळाचा साबण? मुळं विंचरलीस? भांग पाडलास की नाही?"

"हसू नका हो. आबांना वाटतंय त्यांनीच मारली."

"मग वाटू दे ना," नवरा म्हणाला. पुन्हा आडवा झाला. "त्यांनी स्वतःच ठरवलंय, तू कशाला उकरून काढतेस? उद्या त्यांचा तो मासेवाला येतोय, उरलेली झाडं आणि टब उचलायला. आबांनीच फोन केला. खरं सांगू का? बरंच झालं. डबकी जातील घरातली. तुलापण तेच हवं होतं ना?"

हवं होतं. तिच्याच मनातलं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते इतकं घाणेरडं वाटलं, की तिनं कूस बदलली आणि बाळाच्या पायाला हात लावून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळपासूनच आवरायला लागले. टबांतलं पाणी नळीनं बाहेर काढत होते. रिकामा टब पालथा घालून कापडानं पुसत होते, आणि सुजलेल्या बोटांत कापड नीट धरता येत नव्हतं म्हणून मनगटानं दाबत होते. भिंतीवर आता पाण्याची जाळी नव्हती, नुसता उजेड होता. मासेवाल्याचा टेम्पो कधीही येणार होता, आणि एकदा टब गेले की आबांचं ते म्हणणं कायमचं खरं होऊन बसणार होतं. त्यानंतर कुणी काही सांगितलं काय, न सांगितलं काय.

ती बाळाला खांद्यावर टाकून गॅलरीत आली. "आबा."

"हं. वाटेत नळी आहे, बघून."

"आबा, साबण मी लावला."

"कुठं?"

"झाडांना. तुम्ही गावाला गेला होता तेव्हा. बाळाच्या साबणानं धुतली मी. सगळी. पानं पुसली, मुळं कंगव्यानं..." तिनं बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "विंचरली."

आबा तिच्याकडे बघत राहिले. आधी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. एखाद्यानं परक्या भाषेत पत्ता विचारावा तसे ते उभे होते. मग हळूहळू कळत गेलं.

"मलमानं नाही?"

"नाही."

"माझ्या हातानं नाही?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

आबा पालथ्या टबावर बसले. कापड मांडीवर ठेवलं. "झाडाला साबण लावू नये," ते म्हणाले, "हे कुणी कुणाला सांगतं का गं? मला सुचलंच नसतं सांगायचं. त्या लवेतच तर सगळं असतं. ती मोडली की पान कपडा होतं, भिजतं." थोडं थांबून म्हणाले, "जाऊ दे. झाडं गेली तर गेली. पुन्हा आणता येतात." आणि मग एकदम त्यांचा आवाज चढला, तिनं त्यांना असं कधी ऐकलं नव्हतं. "पण मी पोरीला घेतलं नाही! मी दारात उभा राहायचो, ते बघत होतीस ना तू?"

"हो."

"हात घासायचो, ते?"

"हो."

"आणि चहा टाकत होतीस."

बाळ खांद्यावर जागं झालं होतं, तिच्या गळ्याशी ओलं तोंड घासत होतं.

"का धुतलीस पण?" आबांनी विचारलं. आवाज खाली आला होता. "तुला काय केलं होतं त्यांनी?"

इथं पळवाट होती, चांगली रुंद. डास होतील म्हणून. बाळाला काही होईल म्हणून. बाळाचं नाव घेतलं की कुणीही मान डोलावली असती. जिभेच्या टोकाशी आलंही. पण बाळाचं नाव घ्यायची तिला लाज वाटली.

"ताईच्या सासूबाई येणार होत्या."

"मग?"

"मला लाज वाटली."

"झाडांची?"

"झाडांची. वासाची. गॅलरीतून तिरकं यावं लागतं, त्याची." ती खाली नळीकडे बघत बोलत होती. "सगळ्याचीच."

आबांनी मांडीवरच्या कापडाची घडी केली. पुन्हा उलगडली. "माझी पण?"

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिला नाही म्हणायचं होतं. तिला आठवलं, त्या दिवशी पाहुण्यांना निरोप देताना मनात कुठंतरी आलं होतं, बरं झालं आबा नाहीत. त्यांची ती ओली बाही, ते पोट आत घ्या म्हणून ओरडणं. ती नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. एवढ्यानंच आबांना कळलं.

"बरं," आबा म्हणाले.

ते बसल्या बसल्याच टबाची कड पुसायला लागले. ती उभी राहिली. आत जावं तर पळाल्यासारखं, थांबावं तर कशाला थांबावं. शेवटी मुकादमलाच कंटाळा आला. तिनं आबांच्या दिशेनं अंग झोकलं, सगळ्या वजनासकट, जसं बाळं झोकतात, कुणी धरेल की नाही याचा विचार न करता. आबांनी हात पुढं केले. ते आपोआपच गेले. लाल, सोललेले, सुजलेले ते हात बाळाच्या काखेत शिरले, आणि आबांनी डोळे मिटले, ते दुखलं म्हणून की आणखी कशानं, हे तिला विचारायचा हक्क नव्हता.

टेम्पोचा भोंगा वाजला. मासेवाला पायऱ्या चढून आला. अंगानं चांगला भरलेला, त्यामुळं दारातूनच तिरका झाला. "काय आबासाहेब, तयार ना? कुठनं उचलू?"

"काही उचलायचं नाही," आबा म्हणाले. "टब कुठं जात नाहीत. उलट तूच मला जाड मुळांच्या दोन आया आणून दे. पिल्लं मी काढतो त्यांची."

"आणि तुमचा तो मलमाचा हात?"

"मलमाचं काही नव्हतं रे. आमच्या सूनबाईंनी झाडांना आंघोळ घातली."

मासेवाल्यानं तिच्याकडे बघितलं, मग आबांकडे. "आंघोळ?"

"साबण लावून. बाळाचा, वासाचा. डोळ्यांत गेला तर झोंबू नये म्हणून काळजी घेतली. मग कंगव्यानं केस विंचरले. पावडर तेवढी राहिली."

मासेवाला भिंतीला टेकून हसायला लागला. त्याचं पोट हलत होतं, टब हलत होते. "वहिनी! अहो वहिनी! तीट लावलीत की नाही?" डोळे पुसत त्यानं विचारलं, "पण साबण कशाला? मनात आलं तरी काय तुमच्या?"

तिनं तोंड उघडलं.

आबा थांबले. श्वास घ्यायला थांबावं एवढंच. मग म्हणाले, "अरे, नवी आई आहे. जे दिसेल त्याला आंघोळ घालते. मी नेमका गावाला गेलो म्हणून वाचलो."

मासेवाला पुन्हा हसला. ती आत गेली आणि मोरीतला नळ सोडून उभी राहिली. हात धुवायचे नव्हते, भांडं भरायचं नव्हतं. नळ वाहत होता, एवढंच.

नवीन आया आल्या. पिंपातलं थांबलेलं पाणी, कोरे हात, कडेनं सोडायचं. आता आबांनी तिलाच उभं केलं टबांपाशी. "तू कर. मी बघतो." शिकवताना ते रागावत नसत, आणि लाडही करत नसत. पान उलटं पडलं तर "हं" म्हणत, सरळ केलं तरी "हं"च म्हणत. पहिलं पिल्लू आईच्या बाजूनं देठावर फुटून आलं, तेव्हा त्यांनी तिला बोलावून दाखवलंसुद्धा नाही. ते तिचं तिलाच दिसलं. आबा रात्री पुन्हा मलम लावायला लागले होते. सकाळी मुकादमला दुपट्यात गुंडाळून घेत, आपले हात दुपट्याबाहेरच ठेवत, आणि काचेशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारत.

गप्पांत ती गोष्ट येईच. शेजारच्या काकूंना सांगून झाली, दूध घालणाऱ्याला सांगून झाली, डोळ्यावर पट्टी बांधलेल्या धाकट्या भावाला फोनवर सांगून झाली. दर वेळी थोडी वाढे. कंगव्याच्या जागी एकदा फणी आली, एकदा रिबीन आली. एकदा ताई आली, तर तिच्यासमोरही सांगितली. ताई हसता हसता लोळली आणि म्हणाली, "बबडे, तू लहानपणापासून अशीच! पण कशाला गं धुतलीस?"

पलीकडच्या टबावर वाकून ती पिवळं पान खुडत होती. तिचा हात पाण्यात तसाच थांबला. तिला माहीत होतं, आता इथं आबा थांबतील. सगळ्यांना वाटतं, म्हातारा माणूस आहे, दम खातोय. ते थांबतात, तेवढ्यात त्यांना खरं आठवतं, आणि तेवढ्यातच आबा ते बाजूला ठेवतात, दर वेळी नव्यानं. ताई काचेशी हसू ओठांवर धरून उत्तराची वाट बघत होती. दुपट्यात मुकादम जांभई देत होती.

आबा थांबले.

"काही नाही गं," ते म्हणाले, "हिला सगळं स्वच्छ लागतं."

तिनं पान खुडलं.